खालच्या पट्टीतली वीज

विमा कंपनीच्या नुकसानभरपाई विभागात काम करणाऱ्या माणसाने घरी बसून इन्व्हर्टर बनवू नये. हे मी आज सांगतोय. त्या आठवड्याच्या सुरुवातीला कुणी मला हा सल्ला दिला असता, तर 'आपण कुणाशी बोलताय याची कल्पना आहे का?' अशा अर्थाची भुवई मी उंचावली असती. ती भुवई पुढे अर्धी जळाली. पण ते नंतर.

आमच्या रस्त्यावर नवी केबल टाकायचं काम निघालं होतं. त्यासाठी रोज दुपारी, जेवणं आटपून नेमकी पाठ टेकायच्या वेळेला, लाइट जायची आणि कामगार घरी गेले की यायची. एरवी मी त्या वेळी ऑफिसात असतो. त्यामुळे हे संकट मला फक्त बायकोच्या तोंडून कळायचं, आणि तोंडी कळलेल्या संकटाला मी फार धीराने सामोरा जातो. पण त्या आठवड्यात मी रजा काढून घरी होतो, कारण सासरे आमच्याकडे राहायला आले होते.

सासरे गाण्याचे मास्तर. त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी दिवा पाडून, आरसा घालून, पुन्हापुन्हा तपासून सांगितलं होतं, "घसा ठणठणीत आहे. बोला, गा, वाटलं तर भांडा." पण बाबा कुजबुजायचेच. पाणी हवं असलं तरी एखादं गुपित फोडल्यासारखे कानाशी येऊन सांगायचे. घरात एक माणूस कुजबुजायला लागला की बाकीचेही आपोआप का कुजबुजतात, हे मला उलगडलेलं नाही. मी पेपरवाल्याशी महिन्याच्या हिशेबाबद्दल इतक्या हळू आवाजात बोललो की त्याने इकडेतिकडे बघून माझ्या हातात एक जादा पुरवणी सरकवली.

माझ्या बायकोला वडिलांच्या या कुजबुजीचा राग येत नव्हता, भीती वाटत होती. तिने परस्पर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना रविवारी दुपारी घरी बोलावून टाकलं.

"कशाला?" बाबा कुजबुजले.

"भेटायला. तुम्ही गायलाच पाहिजे असं काही नाही. नुसते बसा."

बाबांनी थोडा विचार केला. "दुपारी लाइट नसते. पंख्याशिवाय एवढ्या माणसांत मला बसवणार नाही."

ही सबब होती, हे आम्हां दोघांनाही कळलं. पण बायको हार मानणाऱ्यांतली नाही. "पंख्याचं मी बघते," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात 'मी बघते' या वाक्याचा कर्ता मी असतो.

बाजारात इन्व्हर्टर मिळतात, हे मलाही माहीत होतं. मी लगेच दुकानात गेलो. दुकानदाराने मला मोकळी फळी दाखवली. आमच्या सबंध रस्त्याने माझ्याआधी ती रिकामी केली होती. "पुढच्या आठवड्यात माल येईल," तो म्हणाला. पुढच्या आठवड्याशी मला काय करायचं होतं? माझा पंखा रविवारी फिरायला हवा होता. मी मान ताठ ठेवून घरी आलो आणि जाहीर केलं, "विकत कशाला? घरीच करू."

हे वाक्य तोंडातून पूर्ण बाहेर पडायच्या आत व्होल्टकाका दारात उभे होते. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना जोडायला काही उरलेलं नाही. आमच्या इमारतीत पाणी वर चढायला मोटर लागते, पण सल्ला आपोआप खाली येतो.

"सोपं आहे," ते म्हणाले आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले. पुढचे काही दिवस ते तिथून फारसे उठले नाहीत. "आधी मूळ समजून घ्या. बॅटरीतली वीज सरळमार्गी. एका दिशेला निघाली की निघाली. भिंतीतली वीज म्हणजे आपल्याकडचे पाहुणे. 'बरंय, येतो' म्हणून दाराबाहेर पाऊल टाकतात, काहीतरी आठवतं, परत आत. पुन्हा 'येतो', पुन्हा आत. हे सेकंदाला पन्नास वेळा."

"आणि पंख्याला?"

"पंख्याला हीच ये-जा लागते. तिच्यावर तर तो फिरतो. सरळ वीज दिलीत तर नुसता तापून बसेल."

"मग बॅटरीतल्या सरळ विजेला ये-जा करायला कसं लावायचं?"

व्होल्टकाका पुढे झुकले. "ती नाहीच करत. ट्रान्सफॉर्मरला फसवायचं. तारेच्या वेटोळ्याच्या बरोबर मध्यावर बॅटरी जोडायची. डाव्या टोकाला एक ट्रान्झिस्टर, उजव्या टोकाला एक. हे दोघे दरवान. डाव्याने दार उघडलं की उजव्याने लावायचं, उजव्याने उघडलं की डाव्याने. वीज आपली सरळच चाललीय, पण एकदा या अंगाने बाहेर पडते, एकदा त्या अंगाने. ट्रान्सफॉर्मरला वाटतं, आली-गेली, आली-गेली. आणि तो पलीकडे भिंतीतल्यासारखी वीज काढून देतो."

मला हे एकदम पटलं. आमच्या ऑफिसात याच तत्त्वावर कामं होतात. माणूस बिचारा सरळच चालत असतो. एकदा त्याला या खिडकीतून बाहेर काढायचं, एकदा त्या. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काय धावपळ चाललीय!

"आणि लाइट असेल तेव्हा बॅटरी भरायची ना?" मी विचारलं.

"तिथे उलटा प्रकार. भिंतीतल्या विजेची ये-जा मोडायची. त्यासाठी चार डायोड. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. चार दारं अशी बसवायची की बाईसाहेब कुठूनही आत शिरल्या तरी बाहेर एकाच दाराने पडतील."

"म्हणजे ये-जा करणारी वीज सरळ करायची, बॅटरीत भरायची, आणि नंतर तीच काढून पुन्हा ये-जा करायला लावायची?"

"अगदी बरोबर."

"अहो, पण मुळात ती ये-जा करतच होती—"

"तेव्हा लाइट असते हो!" व्होल्टकाका एवढ्या मोठ्याने ओरडले की बाबांनी खोलीचं दार लोटून घेतलं.

बायको शांतपणे म्हणाली, "मी चार हातपंखे आणून ठेवते." तिचा हा दूरदर्शीपणा मला त्या वेळी लागला.

सामान आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने यादी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. "काय बनवताय?"

"इन्व्हर्टर."

"कुणासाठी?"

"सासऱ्यांसाठी."

त्याने यादी खाली ठेवली. "काही वाद आहे का?"

असल्या प्रश्नांना उत्तर देणं मी माझ्या पदाला शोभेसं मानत नाही. बॅटरी मी आमच्या मोटारीची काढली. इमारतीखाली उभी असलेली बिनबॅटरीची मोटार बघून दोघांनी 'विकायचीय का' आणि एकाने 'टाकून देताय का' असं विचारलं. जेवणाचं टेबल आमच्या ताब्यात गेल्यावर घरातली माणसं ओट्याशी उभ्याने जेवू लागली. बाबा ताटली घेऊन आपल्या खोलीत जायचे आणि जाताना तारांच्या त्या जंजाळाकडे, शेजारच्या घरातलं भांडण ऐकू आल्यावर करतो तसं, न बघितल्यासारखं बघायचे.

पहिली परीक्षा एका संध्याकाळी झाली. मी स्वतःच्या हाताने जोडलेले सगळे भाग एका फळीवर ओळीने उभे होते. मधे वीज साठवून ठेवणारा एक जाडजूड, डब्यासारखा कपॅसिटर होता. बाबा त्याच खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. मी वाकून बटण दाबलं.

"त्या डब्यावरची पांढरी रेघ कुठल्या बाजूला आहे?" व्होल्टकाकांनी विचारलं.

आयुष्यात योग्य प्रश्न विचारणारी माणसं भेटतात, पण ती बटण दाबून झाल्यावर. कपॅसिटरला उलटा बसवलेला चालत नाही. तो थोडा वेळ फुगतो, विचार करतो आणि मग आपलं मत जाहीर करतो. आमच्याने ते एवढ्या जोरात जाहीर केलं की खिडक्यांच्या काचा खणखणल्या. पांढरा धूर छताला भिडला, माझी डावी भुवई करपली आणि चांदीच्या कागदाचे बारीक तुकडे घरभर भुरभुरत खाली आले. त्यातले बरेचसे बाबांच्या डोक्यावर स्थिरावले.

"काय चाललंय काय इथे!"

हे कोण ओरडलं, ते मला आधी कळलंच नाही. व्होल्टकाकांकडे बघितलं, तर ते टेबलाखाली होते. हा आवाज मी यापूर्वी कधी ऐकलेला नव्हता. खोल, भरदार, एखाद्या रिकाम्या टाकीतून आल्यासारखा. बायको हातात झारा घेऊन धावत आली.

"बाबा! तुमचा आवाज!"

बाबांनी गळ्यावर हात ठेवला होता. डोक्यावर चांदी, चेहऱ्यावर भीती. "हा माझा नाही," ते पुन्हा कुजबुजायला लागले.

"मग कुणाचा? इथे दुसरं कोण आहे?"

"माझा वरच्या पट्टीतला होता. हा कुठला तरी... गोदामातल्या माणसाचा आहे." एवढं बोलून ते उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

बायको बंद दाराकडे बघत उभी राहिली. मग झारा खाली ठेवून माझ्या केसांतले कागदाचे तुकडे वेचता वेचता म्हणाली, "ऐकलंत ना? आवाज आहे. त्यांना तो नकोय."

पंखा, गरमी, लाइट हे सगळं किती वरवरचं होतं, ते मला तेव्हा कळलं. आता माणसाला त्याचा नवा आवाज आवडायला कसं लावतात, हे व्होल्टकाकांनाही माहीत नव्हतं. मला तर सूर म्हणजे काय हेही धड कळत नाही. मी काय करू शकत होतो? जे करू शकत होतो, ते करायचं ठरवलं. निदान त्यांची सबब तरी काढून घ्यायची. मी दुसरा कपॅसिटर आणला आणि त्याची रेघ घरातल्या सगळ्यांना दाखवून मगच तो बसवला.

आता चार्जिंग. चार दारं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट आल्याबरोबर आम्ही भिंतीत प्लग घातला. चारपैकी तीन दारं बरोबर बसली होती, हे मला इथे आवर्जून नमूद करायचं आहे. चौथं उलट होतं. त्यामुळे वीजबाई आत शिरल्या आणि बाहेर पडायचा आडरस्ता सापडून थेट स्वतःलाच जाऊन भिडल्या. अशा वेळी घरातला फ्यूज जायला हवा. पण काही वर्षांपूर्वी 'सारखा फ्यूज जातो' या माझ्या तक्रारीवर व्होल्टकाकांनी त्यात जाड तार घालून कायमचा बंदोबस्त करून ठेवला होता. तेव्हा घरातला फ्यूज राहिला आणि इमारतीचा गेला.

सगळीकडे काळोख झाला. मग जिन्यातून, भिंतीच्या आतून आल्यासारखा एक आवाज आला. "मी लिफ्टमध्ये आहे."

तो आमच्या इमारतीच्या चेअरमनबाईंचा आवाज होता. आमच्या इमारतीत चेअरमनबाईंना लिफ्टमध्ये अडकवायचा विचार बऱ्याच जणांच्या मनात आला असेल, पण तो अमलात आणायचा मान मला मिळाला. दार उचकटून त्यांना दोन मजल्यांच्या मधून खाली उतरवलं, तेव्हा त्यांच्या केसाची एक बटही हललेली नव्हती. त्यांनी माझ्या भुवईकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं.

"उद्या वीज कचेरीची परवानगी आणा," त्या म्हणाल्या. "नाहीतर ते यंत्र इमारतीबाहेर. आणि यंत्राबरोबर कोण जाईल, ते तुमचं तुम्ही ठरवा."

ऑफिसात मी ज्या टेबलाच्या अलीकडे बसतो, तसल्याच टेबलाच्या पलीकडे बसण्याचा प्रसंग मला वीज कचेरीत आला. समोरचे साहेब पेनाचं टोपण काढून बसले.

"वीज वापरणार की बनवणार?"

"बनवणार असं नाही. बॅटरीतली जरा बदलून घेणार."

"बदलून घेणार असा प्रकार आमच्याकडे नाही. वापरली तर ग्राहक, बनवली तर निर्मिती केंद्र."

"मग निर्मिती केंद्र म्हणा."

"क्षमता?"

"एक पंखा."

"छताचा?"

"नाही, उभा."

"कामगार?"

"मी आणि व्होल्टकाका."

"धूर सोडता का?"

"एकदाच सोडला."

साहेबांनी हेही लिहून घेतलं. माझ्या मागे उभी असलेली माणसं हसत होती. नुकसानभरपाई मागायला आलेल्या माणसांना मी आजवर असलेच प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारत आलोय. ते घरी जाऊन माझ्याबद्दल काय बोलत असतील, याचा मला प्रथमच नीट अंदाज आला.

मग साहेबांनी पेन खाली ठेवलं. "एक सांगा. ही तुमची वीज घरातल्या तारांत सोडणार आहात का?"

"हो. बोर्डात एक प्लग उलटा खुपसला की झालं, असं व्होल्टकाका म्हणतात."

साहेबांचा चेहरा बदलला. "व्होल्टकाकांना सांगा, तारेला पुढची-मागची बाजू नसते. घरातली वीज मीटरमधून उलटी रस्त्यावर येईल. रस्त्यावरचा मोठा ट्रान्सफॉर्मर तिला हजारो व्होल्टवर चढवेल. आणि खाली खड्ड्यात आमची माणसं, लाइट बंद आहे या विश्वासावर, उघडी तार हातात धरून बसलेली असतात."

माझ्या मागचं हसू थांबलं. मी येता-जाता त्या खड्ड्यातल्या माणसांना बघत होतो. आदल्याच दिवशी त्यांच्यातल्या एकाने माझी बिनबॅटरीची मोटार बाजूला ढकलायला हात दिला होता.

"भिंतीला हात लावायचा नाही," साहेब म्हणाले. "पंख्याचा प्लग सरळ तुमच्या इन्व्हर्टरच्या डब्यात. डबा फक्त भरायला भिंतीत. लाइट आली की डब्यातली वीज आपोआप तुटली पाहिजे आणि पंखा लाइटवर गेला पाहिजे, अशी सोय करा. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. हा शब्द मी इतक्या मनापासून क्वचितच उच्चारला असेल. घरी येऊन मी परवानगीचा कागद चेअरमनबाईंना दाखवला आणि आम्ही साहेब म्हणाले तशी सोय केली. लाइट आली-गेली की 'टक' असा आवाज करून डबा आपोआप इकडचा तिकडे व्हायचा. फ्यूजमधली जाड तारही मी व्होल्टकाकांच्या डोळ्यांदेखत काढून बारीक घातली. ते दुखावले. मी दुखावू दिलं.

शनिवारी दुपारी लाइट गेली. डबा 'टक' म्हणाला. आणि पंखा फिरला!

मी आणि व्होल्टकाकांनी एकमेकांना मिठी मारली. बायको टाळ्या वाजवत बाहेर आली, पण दोन टाळ्यांनंतर तिचे हात थांबले. "हे काय वाजतंय?"

पंखा फिरत होता, वारा येत होता, पण सगळं घर घुमत होतं. पाण्याच्या पाइपात भुंगा शिरावा तसा एक जाड, अखंड हुंकार पंख्यातून निघत होता. खिडकीतल्या काचाही त्याला साथ देत होत्या.

"वाजणारच," व्होल्टकाका म्हणाले. "कंपनीची वीज टेकडीसारखी हळूच चढते, हळूच उतरते. आपले दोन दरवान दारं आपटतात. खाडकन इकडे, खाडकन तिकडे. पंख्याला ते धक्के सोसत नाहीत, म्हणून कण्हतो."

"थांबवता येईल?"

"त्याला फार मोठं काम करावं लागेल. ते धक्के गुळगुळीत करायचे म्हणजे—"

तेवढ्यात बाबांच्या खोलीचं दार उघडलं. ओरडल्या दिवसापासून ते जेमतेम बाहेर येत होते. दाढदुखी झाल्यासारखा चेहरा करून ते पंख्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे कुठल्या सुरात आहे?" ते कुजबुजले.

व्होल्टकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी व्होल्टकाकांकडे. या प्रश्नाचं उत्तर टेलिफोन खात्यात नव्हतं आणि विम्यातही नव्हतं.

"दोन सुरांच्या मधे लोंबकळतंय," बाबा म्हणाले. "असं मी ऐकू शकत नाही. एक तर वर घ्या, नाहीतर खाली."

"ते तसं..." मी म्हणणार होतो, पण व्होल्टकाका मधेच म्हणाले, "होतं की! दरवानांनी दारं किती भराभर उघडायची, ते ठरवणारा एक बारका स्क्रू आहे."

मी पालथा झोपून, गाल जमिनीला टेकवून, बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू फिरवू लागलो. हुंकार वर चढला. बाबांनी बोट खाली केलं. मी उलटा फिरवला. हुंकार उतरला. बोट अजून खालीच.

"पन्नासच्या खाली नको!" व्होल्टकाका कळवळले. "ट्रान्सफॉर्मर तापेल!"

"तापू दे," बाबा म्हणाले. बोट अजून थोडं खाली गेलं. पंखा जरा मंदावला. हुंकार आणखी जाड, आणखी खोल झाला. "थांबा."

मी थांबलो. खोलीत फक्त तो हुंकार होता. काही वेळाने मला वाटलं, तो जरा वाढलाय, भरलाय. स्क्रू तर मी हलवला नव्हता. मी मान न वळवता डोळे वर केले. बाबा पंख्यासमोर डोळे मिटून उभे होते आणि त्यांचं तोंडही मिटलेलंच होतं. पण आवाज दोन होते. पंख्याचा कुठला आणि त्यांचा कुठला, हे वेगळं काढता येत नव्हतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभी होती. माझ्या नाकाला धुळीने शिंक येत होती. ती मी गिळली. ती शिंक गिळणं हे माझ्या आयुष्यातलं संगीताला सर्वांत मोठं योगदान असावं.

बाबांनी डोळे उघडले. आम्ही ऐकतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "बरं आहे," ते म्हणाले आणि आत गेले. दार मात्र त्यांनी लावलं नाही.

रविवारी विद्यार्थी आले. विद्यार्थी म्हणजे पिकल्या केसांची, चष्म्याची माणसं. त्यांतल्या एक बाई तर नातवंडाला घेऊन आल्या होत्या. सगळे जण बाबांच्या पाया पडावं तसं हळूच जवळ जाऊन बसत होते आणि सगळे कुजबुजत होते. केबलचं काम रविवारीही चालू होतं. लाइट वेळेवर गेली. डबा 'टक' म्हणाला, पंखा घुमू लागला, आणि पाहुण्यांपैकी एकाने शेजाऱ्याला विचारलं, "विमान आहे का?" चेअरमनबाई पहिल्या ओळीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. लिफ्टमधून आलात का, असं मी विचारलं नाही. ट्रान्सफॉर्मर खरोखरच तापत होता. तेव्हा व्होल्टकाका त्याच्याशेजारी मांडी घालून बसले आणि बायकोने आणलेल्या हातपंख्याने त्याला वारा घालू लागले. म्हणजे पंख्याने माणसांना वारा घालावा म्हणून एक माणूस पंख्याच्या यंत्राला वारा घालत होता. चारपैकी निदान एका हातपंख्याचं सार्थक झालं.

बाबा कितीतरी वेळ नुसते बसून होते. बायकोने माझा हात धरला.

मग बाबांनी घसा खाकरला आणि स्वच्छ, खणखणीत, गोदामातल्या त्या आवाजात म्हणाले, "आवाज उतरलाय. सांभाळून घ्या."

आणि ते गाऊ लागले.

मला गाण्यातलं कळत नाही, त्यामुळे काय गायले ते सांगू शकत नाही. सुरुवातीला शेजारच्या खोलीत कुणी जड कपाट सरकवतंय असं वाटलं. सूर जागेवर बसेना. बाबा चाचपडत होते, घाबरत होते, पुन्हा त्या हुंकाराला येऊन टेकत होते. तो हुंकार मात्र हलत नव्हता. मग हळूहळू कपाट सरकलं आणि त्याच्यामागे एक आख्खी खोली निघाली, जिच्यात आजवर कुणी गेलंच नव्हतं. नातवंडवाल्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. चेअरमनबाईंची केसाची एक बट हलली, आणि ती वाऱ्याने हललेली नव्हती.

तेवढ्यात डबा 'टक' म्हणाला.

पंखा एकदम गुळगुळीत, निमूट फिरू लागला. सगळ्या खोल्यांतले दिवे लागले. खालून रस्त्यावरून ओरडा आला, "काम संपलं! आता लाइट जाणार नाही!" समोरच्या बाल्कन्यांतून माणसं टाळ्या वाजवू लागली. आणि आमच्या खोलीत बाबा तोंड उघडं ठेवून, हवेत हात तसाच धरून थांबले होते. हुंकार गेला होता. त्यांच्या पायाखालची जमीनच कुणीतरी काढून घेतली होती.

"कुणी बंद केलं?" त्यांनी विचारलं.

"बंद नाही केलं बाबा," मी म्हणालो. "लाइट आली."

"घालवा."

आठवडाभर सबंध रस्ता ज्या विजेची वाट बघत होता, ती आली होती आणि आमच्या घरात तिला कुणी बसाही म्हणत नव्हतं. मी गोंधळून उभा राहिलो. चेअरमनबाई ताडकन उठल्या. "बघत काय बसलात? ओढा तो प्लग!" मी ओढायच्या आत त्यांनीच भिंतीतला प्लग खसकन ओढला. 'टक.' हुंकार परत आला. बाबांनी हात जिथे होता तिथूनच पुढे नेला.

पुढे किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. एक लक्षात आलं, की बॅटरी उतरत चालली होती आणि तिच्याबरोबर हुंकारही, अगदी कळेल न कळेल असा, खाली सरकत होता. व्होल्टकाकांचा हातपंखा थांबला. त्यांनी धास्तावून माझ्याकडे पाहिलं. पण बाबांनी आमच्या आधीच ते ओळखलं होतं. ते हुंकाराबरोबर खाली चालले होते. त्यांच्या मागून, एकेक करून, सगळे विद्यार्थीही गाऊ लागले आणि तेही चालले. जिना उतरावा तशी ती सगळी पिकल्या केसांची माणसं एका रांगेत खालीखाली उतरत गेली. पंख्याची पाती दिसू लागली, मोजता येऊ लागली आणि थांबली. शेवटचा सूर बाबांनी पंखा थांबल्यावरही धरून ठेवला. मग तोही संपला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायको वडिलांसमोर जाऊन जमिनीवर बसली होती आणि रडता रडता हसत होती. घामाने सगळे निथळत होते.

बाबांनी पंख्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि मग मला जवळ बोलावलं. मी वाकून कान पुढे केला. सवयच झाली होती. पण ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"उद्या सकाळी रियाजाला बसायचंय मला. तोवर भरेल का ही बॅटरी?"